दिवे पाहायला जाऊ या

(शिरूर व दौंड तालुक्यांतील प्रौढ साक्षरता वर्गांपुढे केलेले भाषण)



आज पाटी बाजूला ठेवा. आज गिरवायचे नाही, ऐकायचे आहे. आज जे ऐकाल तेच पुढे छापून तुमच्या हाती येईल. मग ते तुम्ही स्वतः वाचा. जे एकदा कानांनी ऐकले, ते डोळ्यांनी वाचायला सोपे जाते.

डिसेंबर महिना आला की थंडी पडते. रानात ज्वारी निसवते. हुरड्याचे दिवस जवळ येतात. साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, आणि उसाच्या गाड्या रात्रंदिवस पळतात. याच दिवसांत शिरूरच्या आणि दौंडच्या काही गल्ल्यांत घरांवर चांदण्या लागतात. पाच कोनांच्या, कागदाच्या, आत दिवा लावलेल्या. चर्चवर रंगीत दिव्यांच्या माळा लागतात. आवारात गोठ्याचा देखावा मांडतात. हा ख्रिस्ती लोकांचा नाताळचा सण.

पोरांना ते कुठून तरी कळतेच. मग पोरे मागे लागतात, "बा, दिवं बघायला जाऊ या की!"

आमच्या एका वर्गात याच गोष्टीवर बोलणे निघाले. एक म्हातारी म्हणाली, "सण त्यांचा. आपुन कशापायी जायाचं? आन् गेलंच, तर चालतंय का?" दुसरी एक सून म्हणाली, "आत्याबाई, मला तर जायाचंय. पण मला न्यायाचं कोन?"

दोघींचे प्रश्न खरे आहेत. दिवे पाहणे ही गंमतीची गोष्ट आहे. पण या गंमतीत तीन मोठे प्रश्न आहेत. आपण काय पाहतो? आपण जावे का? आणि जायचे तर कसे जावे? आज आपण या तिन्हींचा विचार करू.

दिव्यांची हौस आपल्याला नवी नाही

दिवे पाहायला घरदार मिळून जायची आपल्याला जुनी सवय आहे. दिवाळीत आपण कोणाचा आकाशकंदील मोठा ते बघत गावातून फिरतो. जुन्या देवळांपुढे दगडी दीपमाळा असतात. जेजुरीच्या गडावर तर त्या कितीतरी आहेत. त्रिपुरी पौर्णिमेला देवळांत पणत्या लावतात, आणि बायामाणसे त्या बघायला जातात. शिरूर तालुक्यात रांजणगावचा गणपती आहे. दौंडच्या बाजूने भीमा ओलांडली की सिद्धटेकचा गणपती आहे. उत्सवाच्या दिवसांत या देवळांवर रोषणाई होते, ती पाहून येणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

आणि पुण्याचे गणपती? दौंडची माणसे रेल्वेने जातात, शिरूरची माणसे एस.टी.ने जातात. रात्रभर देखावे बघतात आणि पहाटेच्या गाडीने जांभया देत घरी येतात. पायाचे तुकडे पडतात. तरी पुढच्या वर्षी परत जातात!

तेव्हा दिव्यांची हौस वाईट नाही. दिवसभर माती, शेण, घाम यांत राबलेल्या माणसाला घटकाभर उजेडात उभे राहावेसे वाटते. रात्री पाण्याची पाळी धरणाऱ्याला अंधार काय असतो ते कुणी सांगायला नको. उजेडाची किंमत त्यालाच ठाऊक.

चांदणी कशाची, गोठा कशाचा?

आता नाताळचे दिवे घ्या. नुसते दिवे पाहिले, आणि ते कशासाठी लावले हे कळले नाही, तर अर्धेच पाहिले म्हणायचे.

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ जन्म. बटाटा, पाव, चावी, बादली हे शब्दसुद्धा त्याच भाषेतून आले. ते आपण रोज बोलतो, आणि ते आपलेच झाले. २५ डिसेंबरला येशू ख्रिस्ताचा जन्मदिवस साजरा करतात.

ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथाला बायबल म्हणतात. त्यात ही कथा आहे. योसेफ आणि मरिया हे गरीब जोडपे बेथलेहेम नावाच्या गावी आले होते. मरियेचे दिवस भरले होते. धर्मशाळेत उतरायला जागा मिळाली नाही. बाळ जन्मले, आणि आईने त्याला गव्हाणीत निजवले.

गव्हाण म्हणजे काय, हे शहरातल्या पोरांना समजावून सांगावे लागते. तुम्हांला सांगायला नको. तुमच्या गोठ्यात ती आहे. बैलाला कडबा टाकतो तीच गव्हाण.

बाळ जन्मल्याची बातमी आधी कोणाला कळली? राजाला नाही, सावकाराला नाही. रानात रात्री मेंढरे राखीत बसलेल्या मेंढपाळांना कळली, असे ती कथा सांगते. आपल्या दौंड-शिरूरच्या माळावर मेंढरांचे वाडे बसतात. तिथल्या धनगर बांधवांना ही रात्र कशी असते ते चांगले माहीत आहे. पुढे पूर्वेकडचे काही ज्ञानी लोक आकाशातल्या एका ताऱ्याच्या मागोमाग चालत त्या बाळापर्यंत पोहोचले, अशीही कथा आहे. तोच तारा घरावर टांगतात. तीच आपण म्हणतो ती चांदणी.

आता देखाव्यापुढे उभे राहाल तेव्हा पोराला सांगा, "ही गव्हाण बघ. हे मेंढके बघ. हा तारा त्यांना वाट दाखवतो." पोरगे नुसते 'लई भारी' म्हणून पुढे जाणार नाही. ते थांबून बघेल.

चांदणी करायची रीत तर आपल्या आकाशकंदिलाचीच आहे. बांबूच्या कामट्या, दोरा, खळ आणि पातळ रंगीत कागद. ज्याला आकाशकंदील करता येतो, त्याला चांदणी करता येते. हात तोच, कारागिरी तीच.

आपल्या दोन तालुक्यांत हे कसे आले?

तुम्ही म्हणाल, बेथलेहेम कुठे आणि घोडनदी कुठे! ऐका.

शिरूरला जुनी माणसे घोडनदी म्हणतात. इंग्रजांच्या काळात इथे लष्कराची छावणी होती. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे लोक इकडे आले. हे मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झाले. १८३१ साली ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आले. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच शिरूरला त्यांचे ठाणे झाले. त्यांनी धर्म सांगितला, शाळाही काढल्या. त्या काळी काही जातींच्या लोकांना पाणवठ्यावर येऊ देत नसत, शाळेत बसू देत नसत. त्यांच्यातली कितीतरी कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज आपल्या शेजारी राहतात. त्यांची भाषा मराठी. भजनही मराठी.

नगरचे कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी मराठीत भजने रचली आणि कीर्तनेही केली. त्यांची भजने आजही चर्चमध्ये गातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक. लहानपणी त्यांना शाळा मिळाली नव्हती. लग्नानंतर त्या लिहावाचायला शिकल्या. पुढे त्यांनी 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक लिहिले. मराठीतल्या उत्तम पुस्तकांत त्याची गणना होते. उशिरा शिकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दौंडची गोष्ट वेगळी. दौंड रेल्वेने वाढले. पुणे-सोलापूरचा लोहमार्ग तिथून जातो. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड मोठे जंक्शन झाले. गार्ड, इंजिन चालवणारे, कारखान्यातले कामगार असे ठिकठिकाणचे लोक तिथे राहायला आले. त्यांत ख्रिस्ती होते, अँग्लो-इंडियन होते. रेल्वेच्या वसाहतीत त्यांचा नाताळ सुरू झाला.

तिसरे ठिकाण केडगाव. दौंड तालुक्यातले, पुणे-दौंड रेल्वेवरचे. इथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील मोठे शास्त्री. त्यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले, म्हणून लोकांचा रोष पत्करला. दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भावासंगे देशभर पायी हिंडल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' म्हटले. पुढे विलायतेत असताना, १८८३ साली, त्या ख्रिस्ती झाल्या. यावरून पुण्यात मोठा वाद झाला. पण १८९६-९७ च्या दुष्काळात अन्नावाचून मरणाऱ्या, निराधार झालेल्या बाया आणि मुली यांना त्यांनी केडगावला आणले. त्यांना जेवू घातले, शिकवले, कामे शिकवली. अंध बायांना बोटांनी वाचायला शिकवले. बायकांनी चालवलेला छापखाना तिथे उभा राहिला.

रमाबाईंनी बायबलाचे मराठी भाषांतर केले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. थोडे शिकलेल्या बाईलाही समजावी अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. १९२२ साली त्या वारल्या. तुमच्या हातातले हे वाचनाचे पुस्तक सोप्या भाषेत का असते, ते आता कळले ना? नव्याने वाचणाऱ्याचा मान राखणारी माणसे आपल्याच तालुक्यात होऊन गेली.

जावे की न जावे?

आता त्या म्हातारीच्या प्रश्नाकडे येऊ. "गेलं तर चालतंय का?"

हा प्रश्न जुना आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा ठेवला. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पुढे गोपाळराव जोशी यांनी तिथे आलेल्यांची नावे छापून आणली. झाले! ख्रिस्ती लोकांच्या घरचा चहा घेतला म्हणून पुण्यात गदारोळ माजला. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. प्रायश्चित्ताच्या गोष्टी झाल्या. एका पेल्यावरून एवढे रामायण!

आज आपण हसतो. हॉटेलात चहा पिताना तो कोणी केला हे आपण विचारत नाही. पण खरे सांगा, ते हसणे पुरते खरे आहे का? आपण दिवे बघायला त्या गल्लीत जातो. पोरे चांदण्या मोजतात. दारात उभी असलेली बाई म्हणते, "या ना, आत या. फराळाचं घ्या." तेव्हा आपले पाऊल अडखळते. "नको, नको, आत्ताच जेवून आलोय," असे आपण म्हणतो. पोट रिकामे असते, तरी म्हणतो! का म्हणतो, ते ज्याचे त्याला माहीत.

मंडळी, ज्या वस्तीकडे आपले पणजोबा वाट वाकडी करूनही जात नव्हते, त्या वस्तीत आपली पोरे हौसेने धावत जातात. ही गोष्ट लहान नाही. दिव्याने ती केली. पण दिवा फक्त दारापर्यंत नेतो. उंबरा आपला आपणच ओलांडावा लागतो.

कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या सणाला गेले तर आपला धर्म बुडेल. आपल्या गणपतीला सगळ्या धर्मांची माणसे येतात. त्यांचा धर्म बुडाला का? गावच्या उरुसाला आपण जातो. आपला बुडाला का? शेजाऱ्याच्या आनंदात उभे राहिल्याने कोणाचा देव बाटत नाही. पूजा-प्रार्थना ज्याची त्याने आपापल्या मनाप्रमाणे करावी. ज्याला हात जोडावेसे वाटतील त्याने जोडावे, ज्याला वाटणार नाहीत त्याने शांत उभे राहावे. यात कोणावर जुलूम नाही.

आणि आपली एक चांगली रीत आहे. शेजारचे ताट आले तर ते रिकामे परत देऊ नये. दिवाळीत आपण लाडू, चिवडा, करंज्या त्यांच्या घरी पाठवतो. नाताळात त्यांच्या घरच्या करंज्या, शंकरपाळी, केक आपल्याकडे येतो. करंजी तर दोन्हीकडे तीच! आपण दिलेले त्यांनी घ्यायचे आणि त्यांनी दिलेले आपण पोरांना न देता बाजूला सारायचे, ही रीत नव्हे. शेजारधर्म दोन्ही हातांनी पाळायचा असतो.

घरातली बाई मागे का?

आता त्या सुनेचा प्रश्न. "मला न्यायाचं कोन?"

दिवे बघायला कोण जाते ते बघा. तरणी पोरे मोटारसायकलीवर जातात. बाप लहान पोराला पुढे बसवून जातो. घरी कोण राहते? आई राहते. तिला भाकरी करायच्या असतात, धारा काढायच्या असतात, म्हाताऱ्यांना वाढायचे असते. पोरे परत येऊन सांगतात, "आई, लई भारी दिवं व्हते!" आई म्हणते, "हो का?" आणि चुलीतले लाकूड पुढे सारते.

आम्ही म्हणतो, वर्षातून एक संध्याकाळ ठरवा. त्या दिवशी भाकरी दुपारीच करून ठेवा. धारा लवकर काढा. बापाने आणि मोठ्या मुलाने कामाला हात लावावा. हात लावला म्हणून मिशी खाली पडत नाही. घरातली सगळी एकदम निघा. म्हातारीलाही न्या. तिने नातवाचा हात धरला की दोघांचेही भागते.

एस.टी.ने जाणार असाल तर खर्च फार नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तर वर्षांवरच्या माणसांना २०२२ पासून प्रवास फुकट आहे. वयाचा दाखला म्हणून आधारकार्ड जवळ ठेवा.

कसे जावे?

हौस करावी, पण जीव सांभाळून. आपल्या भागात डिसेंबरची रात्र जपून चालायची असते.

पहिली गोष्ट, उसाच्या गाड्या. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. अंधारात ट्रॉली उभी असली तर ती जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शिरूर-न्हावरे-चौफुला रस्ता असो की पुणे-सोलापूर रस्ता असो, मोटारसायकल हळू चालवा. एका गाडीवर चार-चार माणसे बसू नका. चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्याने दोघांनीही हेल्मेट घाला. ज्यांच्या घरी ट्रॉली आहे, त्यांनी तिच्या मागे लाल चकाकणारी पट्टी लावावी. थोडक्या पैशांचे काम, पण एखाद्याचे घर वाचते. नाताळची चांदणी दिसली नाही तर एक संध्याकाळ फुकट जाईल. ट्रॉली दिसली नाही तर जन्म जाईल.

दुसरी गोष्ट, बिबट्या. शिरूर तालुक्यातल्या बागायती पट्ट्यात उसाच्या आडोशाने बिबटे राहतात. त्यांनी माणसांवर हल्ले केलेले आहेत. वस्तीवर रात्री पायी परतायचे असेल तर एकटे निघू नका. हातात बॅटरी घ्या. मोठ्याने बोलत चला. लहान मुले मध्ये ठेवा, पुढे धावू देऊ नका. शक्यतो दिवेलागणीला जा आणि लवकर परता.

तिसरी गोष्ट, रेल्वे. आता तुम्हांला वाचता येते. त्याचा उपयोग करा. स्टेशनवरची पाटी वाचा. 'दौंड जंक्शन' हे एक स्टेशन आहे आणि 'दौंड कॉर्ड लाइन' हे दुसरे. काही गाड्या एकीकडे थांबतात, काही दुसरीकडे. न वाचता चढलात तर भलत्याच ठिकाणी उतराल. रूळ ओलांडून जाऊ नका. पूल लांब असला तरी पुलावरूनच जा.

चौथी गोष्ट, मुले. गर्दीत मूल हातचे सुटते. घरून निघण्याआधी एका कागदावर मुलाचे नाव, आईबापाचे नाव, गाव आणि फोन नंबर लिहा. तो कागद मुलाच्या खिशात घाला. हा कागद दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. आईनेच लिहावा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. ज्या आईला काल अंगठा उठवावा लागत होता, तिने लिहिलेला कागद आज तिच्या लेकराला घरी आणील. शिकल्याचा याहून मोठा उपयोग कोणता? मूल सापडत नसेल तर पोलिसांना ११२ या नंबरवर फोन करा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे. दोन्ही नंबर आज पाटीवर लिहून पाठ करा.

पाचवी गोष्ट, २५ डिसेंबरनंतर आठवड्याने १ जानेवारी येते. त्या दिवशी पेरणे येथे जयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो लोक जातात. पुणे-नगर रस्त्यावरची वाहतूक वळवतात. शिरूरकडून पुण्याला जायचे असेल तर त्याची आधी चौकशी करा.

पाहुण्याची रीत

आपण कोणाच्या घरी गेलो की कसे वागतो? जोडे बाहेर काढतो. हाक मारतो. बस म्हटल्यावर बसतो. तेच इथेही करावे.

चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर आवारात आवाज करू नये. आत जायचे असेल तर विचारून जावे. देखाव्यातल्या मूर्तींना हात लावू नये. दिव्यांची माळ ओढू नये. पोरांना आधीच सांगून ठेवावे. शेंगांची टरफले तिथेच टाकू नयेत.

केडगावचे मुक्ती सदन तर बाया-मुलांचे राहते घर आहे. ती जत्रा नव्हे. आधी विचारावे, परवानगी मिळाली तर जावे, आणि कोणाचाही फोटो न विचारता काढू नये. आपल्या लेकीसुनांचे फोटो परक्याने काढलेले आपल्याला चालतील का? मग तेच त्यांनाही लागू.

आणि निघताना दोन शब्द बोलावे. "तुम्हाला नाताळच्या शुभेच्छा. संक्रांतीला आमच्याकडे तिळगूळ घ्यायला या." एवढे बोलायला पैसा लागत नाही.

थोडे विजेबद्दल

झाडावर विजेचे दिवे लावायची रीत फार जुनी नाही. पूर्वी मेणबत्त्या लावत, आणि त्यांनी आगी लागत. १८८२ साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी एडवर्ड जॉन्सन नावाच्या गृहस्थाने आपल्या घरी झाडावर विजेचे ८० रंगीत दिवे लावले. तो एडिसन या संशोधकाचा सहकारी होता. तिथून ही रीत जगभर गेली. आज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात डायकर हाइट्स नावाची वस्ती आहे. तिथले लोक घरे दिव्यांनी मढवतात, आणि लांबलांबून कुटुंबे ते पाहायला येतात. परदेशी राहणारी आपली मराठी मंडळीही पोराबाळांना घेऊन असे दिवे बघायला जातात. आपल्याकडे वसईच्या ख्रिस्ती गावांत गोठ्यांचे देखावे करतात, आणि लोक गावोगाव फिरून ते बघतात. पुण्यात लष्कर भागात महात्मा गांधी रस्त्यावर गर्दी लोटते. उजेडाची हौस सगळीकडे सारखीच.

दिवे पाहून आलात की पोरे म्हणतील, "आपल्या दारावर बी लावा." लावा की! हिशेब करून लावा. हजार वॅटचा दिवा एक तास जळला की एक युनिट होते. आजकाल एलईडीची माळ मिळते. ती दहा वॅटची धरा. रोज सहा तास लावली तर साठ. दहा दिवसांत सहाशे. म्हणजे एक युनिटही पुरते झाले नाही. जुन्या बारक्या बल्बांची माळ चाळीस वॅटची धरली, तर तेवढ्याच वेळात अडीच युनिटांच्या जवळ जाते. हा हिशेब पाटीवर करून बघा.

पण तारेवर आकडा टाकू नका. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे ती चोरी आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि आकड्याने माणसे मरतात, ते तर आपण पाहतोच. उघडी वायर पत्र्याला लागू देऊ नका. ओल्या हाताने बटण दाबू नका. झोपताना माळ बंद करा. चोरीच्या उजेडाने घर उजळत नाही.

शेवटी एवढेच

मंडळी, आम्ही तुम्हांला कोणाचा धर्म शिकवायला आलो नाही. आपापला धर्म आपापल्या ठिकाणी थोर आहे. आम्ही एवढेच सांगतो की शेजार ओळखा. शिरूरमध्ये, दौंडमध्ये, केडगावात जी माणसे आपल्याबरोबर बाजार करतात, आपल्याबरोबर शाळेत मुले पाठवतात, दुष्काळात आपल्याबरोबर टँकरची वाट बघतात, त्यांच्या सणाला आपण तोंडओळखीनेसुद्धा जाऊ नये, हे बरे नव्हे.

या नाताळात एक संध्याकाळ काढा. घरातली सगळी माणसे न्या. बायांना मागे ठेवू नका. दिवे बघा, गव्हाण बघा, पोरांना गोष्ट सांगा. आणि कोणी "या, आत या" म्हणाले, तर जोडे काढून आत जा.

रामराम.

वर्गात बोलण्यासाठी

१. नाताळची चांदणी आणि आपला आकाशकंदील यांत सारखे काय आहे?

२. १८९० साली पुण्यात चहावरून वाद का झाला? असा वाद आज आपल्या गावात होईल का?

३. घरातल्या सगळ्यांनी मिळून बाहेर जायचे ठरले, तर कोणते काम कोणी करावे?

४. मुलाच्या खिशात ठेवायचा कागद आपल्या हाताने लिहून दाखवा.